चौकटीतला नवा मेंबर

तात्यारावांनी उभ्या आयुष्यात एकही खोटं रीडिंग लिहिलं नव्हतं. वीज कंपनीत मीटर वाचायची नोकरी. सगळी हयात भाईंदरच्या चाळींतून आणि बिल्डिंगींच्या जिन्याखालून टॉर्च मारत गेली. लोक चहा पुढे करायचे, दिवाळीला कुणी मिठाईचा पुडा सरकवायचं आणि वर म्हणायचं, साहेब, जरा बघून लिहा. साहेब बघूनच लिहायचे. मीटरवर जो आकडा तोच कागदावर. अशा माणसाने रिटायर झाल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, मिठागराच्या बांधावर गुपचूप झाडं लावून पोटच्या पोरीला फसवलं, हे सांगून कुणाला पटलं नसतं. पण फसवलं खरं.

पोरगी म्हणजे संघप्रिया, एकुलती एक. वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि कालिन्याला विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहत होती. भाईंदरहून रोज जाऊन येणं काही अशक्य नव्हतं. पण लॅबमध्ये उशीर होतो असं ती म्हणायची, आणि हो, होतच असेल, असं तात्याराव म्हणायचे. खरी गोष्ट दोघांनाही माहीत होती. तिची आई वैजयंताबाई गेल्यापासून त्या घरात बोलायला काही उरलं नव्हतं. बापलेकीचं बोलणं आधीही चालायचं ते बाईंमार्फतच. पप्पांना विचार जेवणार का, तिला सांग छत्री घेऊन जा. मधलं माणूस गेलं आणि दोघं दोन खोल्यांत पाहुण्यांसारखी वावरू लागली. मग एक पाहुणा हॉस्टेलवर गेला. तात्यारावांना राग आला नाही, नुसतं फार एकटं वाटायला लागलं. दुपारी टीव्ही लावून ते आवाज बंद ठेवायचे, कारण आवाज ऐकला की कुणीतरी घरात आहेसं वाटायचं आणि मग नसल्याचं जास्त कळायचं.

अशात दोन हजार सहा सालचा पाऊस सरता सरता संघप्रियाचा फोन आला. भाईंदर पूर्वेच्या मिठागरांजवळ, खाडीच्या कडेने जो लांब बांध जातो, त्याच्यावरच्या झाडाझुडपांची पाहणी तिला करायची होती. काम दोन माणसांचं होतं. एकाने चौकटीत वाकून झाडं ओळखायची, दुसऱ्याने लिहायची. तिच्या मैत्रिणी रविवारी कुणी यायला तयार नव्हत्या.

"तुम्ही याल का पप्पा? फक्त लिहायचंय."

तात्याराव म्हणाले, बघतो. फोन ठेवला आणि तडक हार्डवेअरच्या दुकानात जाऊन प्लंबरचा पांढरा पाइप आणि कोपरे जोडायला चार एल्बो घेऊन आले. चौकट पाइपची हलकी होईल, चिखलात गंजणार नाही, हे त्यांना फोनवरच सुचलं होतं.

काम तसं सोपं, पण नियमांना पक्कं. सगळा बांध मोजत बसलं तर जन्म जाईल, म्हणून ठिकठिकाणी मीटरभर लांबरुंद चौकट टाकायची आणि आतलं प्रत्येक झाड लिहायचं. चौकट कुठे टाकायची हे आपण ठरवायचं नाही. स्टीलच्या वाटीत आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या, चिठ्ठीत जो आकडा निघेल तितकं अंतर टेपने मोजायचं, तिथे खुंटी. येत्या रविवारच्या जागा आधीच्या रविवारीच काढून, खुंट्यांना भगव्या कापडाच्या चिंध्या बांधून ठेवायच्या, म्हणजे ओहोटीचा वेळ वाया जात नाही. पहिल्याच दिवशी एक खुंटी नेमकी मारांडीच्या काटेरी जाळीत आली. चार हात अलीकडे घेऊ या की, असं तात्याराव बोलून गेले. संघप्रियाने नकारार्थी मान हलवली. सोयीच्या जागा निवडत गेलं तर कागदावर आपली आवड उतरते, बांध उतरत नाही, असं ती म्हणाली. तात्यारावांना ते एकदम पटलं. मीटर गटाराच्या वर बसवलेला असला तरी तिथेच जाऊन वाचावा लागतो.

आणखी एक नियम होता, आणि तो त्यांना सगळ्यात प्यारा होता. तिने नाव पुकारायचं, त्यांनी तेच नाव मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच लिहायचं. खाडीवरचा वारा शब्द उडवून नेतो, म्हणून ही पद्धत. लिहिणाऱ्याने उलट म्हटल्याशिवाय नोंद झाली असं धरायचंच नाही.

"मोरस, सात."

"मोरस, सात."

"तिवराचं रोप, दोन."

"तिवराचं रोप, दोन."

असं दोघांचं बोलणं चालायचं. तुम्हाला आम्हाला यात बोलण्यासारखं काही दिसणार नाही. पण ज्या घरात आठवडाभर कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नव्हता, त्या घरातल्या माणसाला पोरीने एक शब्द बोलावा आणि आपण तोच तिला परत द्यावा, यात काय मिळत होतं ते त्यालाच ठाऊक. रविवारी रात्री अंथरुणावर पडल्यावरही तात्यारावांच्या तोंडात ती नावं असायची.

काम आटपलं की ती घरी जेवायला यायची. भात, वरण, सुकट, कांदा. स्वयंपाक तात्याराव पहाटे उठून करून ठेवायचे. जेवताना ती कागद चाळायची आणि आज एखादं झाड पहिल्यांदाच सापडलेलं असलं तर खूश व्हायची. अशा झाडाला 'नवी जात' म्हणतात, पण तो शब्द तात्यारावांच्या तोंडाला कडू लागायचा. म्हणून ते विचारायचे, आज नवा मेंबर कोण? सोसायटीत भाडेकरू आल्यासारखं. संघप्रियाला त्याचं हसू यायचं. ती हसली की तिच्या आईसारखी दिसायची, हे मात्र तात्यारावांनी तिला कधी सांगितलं नाही.

दिवाळीच्या जरा आधी एका रविवारी नवा मेंबर कुणीच निघाला नाही. पुढच्या रविवारीही नाही. जेवताना संघप्रियाने ताटाच्या कडेला बोटाने एक रेघ ओढून दाखवली. सुरुवातीला प्रत्येक चौकटीत नवी झाडं सापडतात, रेघ चढत जाते. मग नवीन सापडेनासं होतं, रेघ आडवी होते. आडवी झाली की या बांधावर जे आहे ते आपण पाहिलं असं समजायचं आणि थांबायचं.

तात्यारावांनी विचारलं, थांबायचं म्हणजे?

म्हणजे काम संपलं, ती म्हणाली. डेहराडूनला एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळाली होती. पाहणी संपली की तिकडे जायचं होतं. आणखी दोन-तीन रविवार नवीन काही निघालं नाही की झालं. हे तिने इतक्या सहज सांगितलं की तात्यारावही सहज म्हणाले, वा, छान झालं. आणि तिला आणखी भात वाढला.

तो आठवडा त्यांना खायला उठला. डेहराडून कुठे आहे ते त्यांनी शेजारच्या पोराच्या नकाशात पाहिलं. जाऊ नकोस म्हणावं असं शंभरदा मनात आलं. पण म्हणणार कोणत्या तोंडाने? पोरीने शिकावं म्हणून वैजयंताबाईंनी धुणीभांडी केली होती. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून तिने दहावीचा अभ्यास केला होता. तिच्या वाटेत आडवं येणारा बाप व्हायचं नव्हतं त्यांना. फक्त ती रेघ इतक्यात आडवी व्हायला नको होती.

शनिवारी संध्याकाळी ते स्टेशनामागच्या नळाकडे गेले. तिथे ओलीला आंबोशी माजलेली असते. त्यातली जोमदार दोन रोपं त्यांनी मुळासकट उपटली, पिशवीत घातली आणि बांधावर जाऊन भगव्या चिंधीच्या खुंटीजवळ लावली. मिठागरावरचा मुकादम पंढरीनाथ लांबून येताना दिसला तेव्हा ते घाईने उठले.

"आज शनवार हाय ना? पोरगी न्हाय आली?" त्याने विचारलं.

खुंट्या जागेवर आहेत ना ते बघायला आलो, असं तात्याराव म्हणाले. आयुष्यातलं पहिलं खोटं रीडिंग ते हेच.

दुसऱ्या दिवशी चौकट टाकली, संघप्रिया वाकली आणि थबकली. "आंबोशी, दोन," तिने पुकारलं. आवाजात आश्चर्य होतं.

"आंबोशी, दोन," तात्याराव म्हणाले आणि त्यांनी लिहिलं. कान गरम झाले होते, पण वारा होता, कुणाला काय दिसणार?

रेघ पुन्हा चढली. पुढच्या आठवड्यात माका, त्याच्या पुढे कुर्डू. दर शनिवारी तात्याराव पिशवी घेऊन निघू लागले. खाऱ्या जमिनीत एका रात्रीत रोपाची मान पडते हे पाहून ते आता रोप आधी आठवडाभर प्लास्टिकच्या ग्लासात, नर्सरीच्या लाल मातीत धरवायचे, आणि मातीच्या गड्ड्यासकट खड्ड्यात ठेवून वर काळा चिखल सारवायचे. चोरी करायची तीही मन लावून, असा हा माणूस.

पण चोरी वाढत गेली ती वेगळ्याच बाजूने. गोड्या पाण्याची ही झाडं खाऱ्या बांधावर कशी, हा प्रश्न संघप्रियाच्या डोक्यात शिरला. ती विचार करू लागली, आणि विचार करणाऱ्या माणसाला उत्तर सापडतंच. बांधाच्या आतल्या बाजूला नव्या बिल्डिंगी उठल्या होत्या. त्यांचं सांडपाणी जमिनीखालून झिरपत असणार, खारी जमीन हळूहळू गोडी होत असणार, आणि झाडांना ते सगळ्यांच्या आधी कळलं असणार. जेवताना ती हे सांगू लागली की तिचे डोळे चमकायचे. घास हातात तसाच राहायचा. इतकं ती बापाशी जन्मात बोलली नव्हती. तिच्या मार्गदर्शक बाईंनाही ते आवडलं होतं. डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांपुढे ती हे मांडणार होती. फक्त मातीची तपासणी जुळत नव्हती. माती खारीच्या खारी निघत होती, पण ती म्हणाली, मी नमुने चुकीच्या खोलीवरून घेतले असतील.

तात्यारावांना त्या रात्री झोप लागली नाही. तिला आपलंच काम चुकीचं वाटायला लागलं होतं. आणि तरीही शनिवार आला तेव्हा त्यांनी गॅलरीतल्या डब्यातून आणून ग्लासात धरवलेली पानफुटी उचलली. एवढा एकच रविवार, असं स्वतःला सांगितलं. दारू पिणारा सांगतो तसंच.

रविवारी ऊन छान पडलं होतं. संघप्रिया चौकटीपाशी गुडघ्यावर बसली आणि तिने हात कपाळाला लावला. मग हसत वर पाहिलं.

"पानफुटी, एक. पप्पा, पानफुटी! आता कोण म्हणेल मला की पाणी झिरपत नाही?"

तात्याराव पुठ्ठ्याची पाटी धरून उभे होते. पेन कागदावर टेकलं होतं. तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना.

"पानफुटी, एक," तिने पुन्हा पुकारलं. त्यांनी म्हटल्याशिवाय तिला पुढच्या झाडाकडे जाता येत नव्हतं. ती वाट पाहत राहिली. मग तिने तिसऱ्यांदा म्हटलं, जरा मोठ्याने. वाऱ्यामुळे ऐकू गेलं नाही असं तिला वाटलं.

तात्यारावांनी पाटी खाली ठेवली. कुरकुरत्या गुडघ्यांनी ते चौकटीशेजारी बसले, पानफुटीच्या बुंध्याशी बोटं खुपसली आणि रोप उचललं. खालून लाल मातीचा गड्डा आला, वर रुंद, खाली निमुळता, तळाशी ग्लासाच्या कड्या उमटलेल्या. काळ्या चिखलात तो परक्यासारखा दिसत होता.

"मी लावलं," ते म्हणाले.

संघप्रियाने तो गड्डा हातात घेऊन उलटा करून पाहिला. मग तिने हळू आवाजात विचारलं, आंबोशी? त्यांनी मान डोलावली. माका? कुर्डू? सगळ्यांनाच त्यांनी मान डोलावली.

"का?"

"रेघ आडवी होऊ नये म्हणून."

तिला कळलं. तिचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, मग कोरा झाला. ओरडली असती तर तात्यारावांना बरं वाटलं असतं. ती टेप गुंडाळायला लागली. तात्याराव तिच्या मागे मागे चालत सांगू लागले की कुठल्या कुठल्या खुंटीला काय लावलं ते सगळं त्यांच्या लक्षात आहे, तेवढंच खोडून टाकलं की बाकी हिशेब बरोबर, बाकीच्या एकाही झाडाला त्यांनी हात लावलेला नाही.

ती थांबली. "पप्पा, आता तुम्ही जे सांगाल ते खरंच आहे, हे मी कशावरून धरू?"

ती टोचून बोलली नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता, कामातला प्रश्न. खोटं रीडिंग घेतलं म्हणून लोकांनी तात्यारावांना अनेकदा सुनावलं होतं, आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं, कारण ते खरं नसायचं. त्या दिवशी बांधावर ते खाली मान घालून रडले. संघप्रिया जवळ आली नाही, पण सोडून गेलीही नाही. ते शांत होईपर्यंत गुंडाळलेला टेप छातीशी धरून उभी राहिली. मग जेवायला न येता स्टेशनकडे गेली.

सगळं काम रद्द झालं. मार्गदर्शक बाईंपुढे तिने काय सांगितलं ते तात्यारावांना कळलं नाही; चूक माझी, एवढंच म्हणाली असावी. पाहणी नव्याने करायची ठरली, आणि या बांधावर नाहीच, पार पाली-उत्तनच्या बाजूला, जिथे आधी कुणी पाऊल टाकलेलं नाही अशा खाडीकाठी. डेहराडूनवाल्यांनी उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली. म्हणजे तात्यारावांना हवं होतं ते झालं. पोरगी आणखी काही महिने मुंबईतच राहिली, दर रविवारी भाईंदर स्टेशनला उतरू लागली. फक्त ती पूर्वेला येत नव्हती, पश्चिमेला जाऊन उत्तनची बस धरत होती. पाटी धरायला हॉस्टेलमधली सलोनी नावाची मुलगी होती. हे सगळं तिने फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. तात्याराव म्हणाले, बरं.

त्या रविवारांइतके लांब रविवार त्यांनी आयुष्यात पाहिले नाहीत. सकाळी सवयीने जाग यायची, सवयीने भात जास्तीचा शिजायचा. ती याच गावात आहे, खाडीकाठी वाकून नावं पुकारतेय आणि दुसरंच कुणीतरी ती परत म्हणतंय, हे डोक्यातून जात नव्हतं. एकदा ते बांधावर गेले. त्यांनी लावलेल्यांपैकी काहीच जगलं नव्हतं. पंढरीनाथने हाक मारून विचारलं, हल्ली पोरगी दिसत न्हाय. संपलं तिचं काम, असं सांगून ते परत फिरले.

मार्च संपता संपता ती आली. न कळवता, दुपारची, खांद्याला मोठी बॅग. डेहराडूनचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं. तात्यारावांनी गडबडीने कुकर लावला, अंडी फोडली. ती ओट्याला टेकून कांदा चिरू लागली. पालीच्या काठावरचं काम नीट झालं, असं तिने सांगितलं. रेघ लवकर आडवी झाली. तिथे जे होतं ते सगळं सापडलं. तात्यारावांनी मेंबर वगैरे काही विचारलं नाही.

जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "इतकी झाडं लावलीत. त्यापेक्षा एक फोन करून नुसतं ये म्हणाला असतात."

तात्यारावांनी घास खाली ठेवला. "आली असतीस?"

हो म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी ती जाणारच होती, म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटलं असतं, आणि कुणी तपासायलाही येणार नव्हतं. तात्याराव तिच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "नसते आले, पप्पा. कामाचं काहीतरी निमित्त सांगितलं असतं."

तात्यारावांना ते लागलं. पण मग हळूहळू त्यांना जाणवलं की तिची आई गेल्यापासून या घरात दोघांत बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य आहे. त्यांनी मान डोलावली. तिच्या ताटात अंड्याची पोळी सरकवली, पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवला.

"बरं केलंस, खरं सांगितलंस," ते म्हणाले.

ती डोळे पुसत म्हणाली, तिकडे पोचले की मी फोन करीन.

"नको. मी करीन," तात्याराव म्हणाले. "कामात असलीस तर कामात आहे म्हण. पण उचल."